जीनंतर कोण येतंय?

गॅदरिंग जवळ आलं, की आमच्या कामठीतल्या शाळांत पेटी-तबल्याशेजारी एखादी गिटारही दिसायला लागते. आणि गॅदरिंग संपलं, की तीच गिटार कपाटावर चढून बसते! कारण विचारावं तर उत्तर ठरलेलं : "मॅडम, कॉर्ड येतात हो, पण बदलताना गाणं थांबून जाते. माझी बोटंच लहान आहेत."

बोटांच्या लांबीचं नंतर पाहू. आधी पेटी घ्या. सफेद एकमध्ये सा, रे, ग वाजवलं, की अंगठा हाताखालून सरकवून मध्यमावर ठेवायचा, असं शिकवतात. का बरं? म साठी अनामिका मोकळी असतेच की! पण मग प ला करंगळी जाते आणि ध, नी, सां ला बोटच उरत नाही. म्हणजे बोट ठरतं ते पुढे काय वाजवायचंय त्यावरून. गिटारचंही अगदी तसंच.

पेटी शिकणाऱ्यांनो, एक लक्षात ठेवा हं. कीबोर्डच्या पुस्तकात अंगठ्याला 1 म्हणतात. गिटारच्या पुस्तकात तर्जनी 1, मधलं बोट 2, अनामिका 3 आणि करंगळी 4. अंगठा बिचारा दांडीमागे टेकलेला. सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी. दोन फ्रेटमधल्या जागेला आपण 'घर' म्हणू.

आता जी कॉर्ड. पुष्कळ पुस्तकांत ती अशी असते : सहाव्या तारेवर तिसऱ्या घरात मधलं बोट, पाचवीवर दुसऱ्या घरात तर्जनी, पहिलीवर तिसऱ्या घरात अनामिका. चांगलीच आहे. पण हिच्यानंतर सी आली, की तिन्ही बोटं उचलून तीन नव्या जागी पळवावी लागतात. तिथंच गाणं अडतं.

मग तीच जी दुसऱ्या बोटांनी धरा. सहावीवर अनामिका, पाचवीवर मधलं बोट, पहिलीवर करंगळी. घरं तीच, सूर तेच. आता सी साठी अनामिका आणि मधलं बोट जोडीनं एकेक तार खाली सरकतात, घर बदलत नाही. करंगळी उठते आणि रिकामी बसलेली तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या घरात टेकते. झालं की!

मग पहिली पद्धत चुकीची का? मुळीच नाही. जीनंतर डी येणार असेल, तर पहिल्या पद्धतीतली अनामिका तिसऱ्या घरातच राहून पहिल्या तारेवरून दुसरीवर जाते. बाकीच्या बोटांना तिचा आधार मिळतो. म्हणून गाण्याच्या वहीत नुसतं 'जी' लिहू नका, बोटांचे आकडेही लिहा. सीवरून ए मायनर तर फारच सोपी. तर्जनी आणि मधलं बोट हलवायचंच नाही. फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसऱ्या तारेवर, दुसऱ्या घरात आणायची. तरी मुलं सगळी बोटं उचलतात!

आता बोटांची लांबी. जँगो राइनहार्ट हा 1910 मध्ये बेल्जियममध्ये जन्मलेला, भटक्या रोमा समाजातला गिटारवादक. 1928 साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आखडली. पुस्तकातली बोटं त्याला लागू होणारच नव्हती. त्यानं तर्जनी आणि मधल्या बोटावर आपली वेगळी पद्धत बसवली, आणि 1934 पासून पॅरिसच्या ज्या जाझ वाद्यवृंदात तो वाजवत होता, त्याच्या तबकड्या गिटारवाले आजही कान देऊन ऐकतात.

तुमची करंगळी पोचतच नसेल, तर पहिल्या तारेवर तिसऱ्या घरात फक्त अनामिका ठेवा आणि बारीक बाजूच्या चारच तारा छेडा. तीही जीच, बरं का!

आई-बाबांनो, पहिला महिनाभर घरात सुरांपेक्षा ठक्-ठक् जास्त ऐकू येईल आणि बोटांची टोकं दुखतील. तेवढ्यावरून 'पैसे वाया गेले' असं म्हणू नका.

सराव भिंतीवरच्या घड्याळासमोर करा. टिकटिक सेकंदाला एक. चार टिकटिक जी, चार टिकटिक सी. पहिले दोन दिवस उजवा हात मांडीवरच ठेवा, नुसती बोटं बदला. मग वाजवा. मिनिटाला पंधरा कॉर्ड होतात. त्यांतल्या किती स्वच्छ वाजल्या, तो आकडा तारखेसह वहीत मांडा आणि पुढच्या रविवारी पुन्हा मोजा.