बाळूंना कर्णधार का नाही केलं?

'खेळात जातपात नसते हो' असं कुणी म्हटलं की मला हमखास बाळू पालवणकर आठवतात. आपल्या घरातल्या कितीजणांना हे नाव ठाऊक आहे कोण जाणे!

जन्म १८७६ चा, चर्मकार समाजातला. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर मैदानाची कामं करायची आणि साहेबांना फलंदाजीच्या सरावासाठी चेंडू टाकायचे. त्यातून असा डावखुरा फिरकीपटू घडला की पुण्याच्या हिंदू संघाला त्यांना घ्यावंच लागलं. पण चहा? तो मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. त्यांनी हाताळलेला चेंडू सगळ्यांना चालत होता, कप चालत नव्हता!

१९११ मध्ये हिंदी संघ इंग्लंडला गेला. कर्णधार कोण, तर १९ वर्षांचे पतियाळाचे महाराज. पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळालं नाही. १९२० मध्ये उपकर्णधारपदापर्यंत मजल गेली, बस्स. पुढे १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले.

आता आमच्या वर्ध्याचा संबंध. ऑक्टोबर १९४० मध्ये इथून, पवनारहून, विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. त्याच डिसेंबरात मुंबईच्या हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींचा सल्ला घ्यायला वर्ध्याला आली. धर्मावर संघ पाडणं गांधीजींना पसंत नव्हतं, आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. १९४६ नंतर ती स्पर्धा बंदच झाली.

गांधीजींचं बरोबरच होतं. पण मला वाटतं, प्रश्न तेवढाच नव्हता. हिंदू-मुसलमान संघ वेगळे आहेत हे सगळ्यांना दिसत होतं. एकाच 'हिंदू' संघात कुणाचा चहा वेगळा आहे, हे फार थोड्यांना खटकलं. आणि गंमत बघा, नको असलेल्या त्याच स्पर्धेमुळे बाळूंचं नाव घरोघरी पोचलं!

गरज पडली की गुण सगळेच वापरून घेतात हो. म्हणून मी कुठल्याही संघाकडे, ऑफिसकडे, गावच्या समितीकडे बघताना 'यांना घेतलंय का' एवढंच विचारत नाही. खुर्ची कुणाला दिली, आणि चहा कुठे बसून प्यायले, तेही बघतो.