बटाट्याची फुलं आणि आमचं ऑप्टिमायझेशन

पावसाळ्यात मामाकडे गेलो होतो, आंबेगाव तालुक्यात सातगाव पठारावर. एकरभर बटाटा, पांढऱ्या फुलांनी भरलेला. मी कुठेतरी वाचलेलं ज्ञान लगेच पाजळलं. "मामा, ही फुलं खुडून टाक. झाडाची ताकद वर वाया जाते, खुडली की बटाटे पोसतील."

मामा म्हणाला, "मग थांबतोस का खुडायला?"

झालं! परतीच्या वाटेवर हिशोब केला. ओळींत ६० आणि रोपांत २० सेंमी धरलं तर एकरी साधारण ३३ हजार झाडं. झाडामागे पाच सेकंद म्हटलं तरी एका माणसाचं ४६ तासांचं काम, म्हणजे जवळपास सहा दिवस मजुरी. आणि फुलं काही एकदाच येत नाहीत.

तसं लॉजिक अगदीच चूक नाही. पानात तयार झालेली साखर फूल, फळ आणि जमिनीखालचा बटाटा यांच्यात वाटली जाते. पण खरा खर्च फुलाचा नाही, फळाचा. बरीचशी फुलं तशीच गळतात. छोट्या हिरव्या टोमॅटोसारखी दिसणारी फळं (विषारी असतात, पोरांना लांब ठेवा) भरपूर धरणारी जात असेल तरच फरक पडण्याची शक्यता. शिवाय 'पोटॅटो व्हायरस एक्स' रोगट झाडाचा रस हाताला, कपड्यांना लागून पसरतो. म्हणजे बटाटे वाढवायला जायचं आणि रोग वाटत फिरायचं!

गंमत म्हणजे याच फुलांसाठी शास्त्रज्ञ डोंगर चढून गेले. बटाटा नीट फुलायला मोठे दिवस आणि थंड हवा लागते. मैदानातल्या हिवाळ्यात ते जमत नाही, शिमल्याजवळ कुफरीला जमतं. म्हणून संकराचं काम तिथे झालं. १९६८ सालच्या 'कुफरी ज्योती'च्या नावातली कुफरी ती हीच.

माझं मत विचाराल तर गच्चीवर चार कुंड्या असतील तर खुशाल खुडा. शेतात मात्र तेच पैसे चांगल्या बेण्यावर, करप्याच्या फवारणीवर आणि वेळेवर मातीची भर लावण्यावर घाला. भर कमी पडली की बटाटा उघडा पडतो, हिरवा होतो आणि खाण्यातून जातो. ते नुकसान डोळ्याला दिसतं.

आम्ही प्रोग्रॅमर एकमेकांना सांगत असतो, आधी मोजा, मग ऑप्टिमाइझ करा. मामाच्या बांधावर उभं राहून नेमकं तेच विसरलो. चुकलो असतो तर माझं काय गेलं असतं? सहा दिवसांची मजुरी त्याच्या खिशातून गेली असती.

असो. पुढच्या वेळी भर लावायला जाईन म्हणतो.