दुपटी शिवली, पण गाडी ठरली का?

नववा महिना लागला की आपल्या घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. एक लगबग आणि दुसरी चुप्पी. जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवली जातात, झबली-टोपडी धुऊन वाळत पडतात, डिंक-खारीक येते, बाळंतशेपा निवडून डब्यात भरल्या जातात. पण बाळंतपण कुठं करायचं, रात्री कळा सुरू झाल्या तर गाडी कुणाची, रक्त लागलं तर कोण देणार, हे विचारलं की घरातली मोठी बाई हात हलवते. म्हणते, "बठ्ठं व्हई जाई, माय!" आणि विषय तिथंच संपतो.

आधीपासून फार तयारी करू नये, बाळासाठी नवं कोरं कापड घेऊ नये, दृष्ट लागते, असं आपल्याकडं अजूनही मानतात. मला याचं हसू येत नाही. ज्या बायकांनी पाळणा बांधला आणि तो रिकामा राहिलेला पाहिला, त्यांच्या भीतीतून हा समज आलेला आहे. पण तेव्हा हातात काहीच नव्हतं. आज बरंच काही आहे, आणि ते मिळवायचं तर आधी बोलावंच लागतं.

परिस्थिती किती बदलली ते बघा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आढळली. २०१८-२० या काळात देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागं ९७ माता दगावत होत्या, तर महाराष्ट्रात ३३. अभिमान वाटावा असेच हे आकडे आहेत. पण ही राज्याची सरासरी झाली. सरासरीला तापी ओलांडावी लागत नाही!

नकाशा डोळ्यांसमोर आणा. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर हे आपले तालुके तापीच्या पल्याड, सातपुड्याच्या कुशीत. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८मध्ये सुरू झालेलं जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्ही तापीच्या अल्याड. चोपडा आणि शिरपूरला उपजिल्हा रुग्णालयं आहेत, पण तिथून पुढं पाठवलं तर पन्नासेक किलोमीटर जायचं. पाड्यावरच्या बाईचं तर आधी डांबरी रस्त्यापर्यंत येणंच अवघड. पावसाळ्यात गरोदर बाईला झोळीत घालून आणल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो.

बाळंतीण का दगावते, याचा विचार करताना आरोग्य क्षेत्रात 'तीन उशीर' सांगतात. थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४मध्ये ही मांडणी केली. पहिला उशीर निघायचं ठरवण्यात, दुसरा दवाखान्यात पोचण्यात आणि तिसरा पोचल्यावर उपचार मिळण्यात. हे तिन्ही उशीर शेवटच्या काही आठवड्यांतल्या तयारीनं कमी होऊ शकतात. पण आपली तयारी दुपट्यांपाशीच थांबते.

सरकारनं काहीच केलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. २००५मध्ये जननी सुरक्षा योजना आली. आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मातांना दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ग्रामीण भागात ७०० रुपये ठरले. (तेवढ्यात आज लाडूसुद्धा होत नाहीत, ते सोडा.) २०११च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानं सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून नेण्या-आणण्याची गाडी मोफत केली. २०१४पासून १०८ची ॲम्ब्युलन्स आली. गरोदर मातांसाठी १०२ आहेच. २०१५ची अमृत आहार योजना आदिवासी भागात शेवटच्या तीन महिन्यांत रोज एक चौरस गरम जेवण देते. २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची खास तपासणी होते. २०१७पासूनच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी पात्र मातेला ५ हजार रुपये मिळतात. २०२२पासून दुसरी मुलगी झाली तर ६ हजार.

मग अडतं कुठं? माझ्या मते, अडतं ते बाईच्या पायाशी. या साऱ्या योजना गावाच्या रजिस्टरवर चालतात. ज्या गावात नोंद, तिथली आशाताई, तिथली सिस्टर, तिथली अंगणवाडी. आणि आपली बाई नेमकी शेवटच्या आठवड्यांत गाव सोडते! पहिलटकरीण माहेरी जाते. पावरा-भिल्ल कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. मजुरीवाली कापूस वेचायला दुसऱ्या शिवारात जाते, कारण वेचणीचे दिवस नवव्या महिन्यासाठी थांबत नाहीत. सासरच्या आशाताईला वाटतं, ती माहेरी गेली. माहेरच्या आशाताईला ती आल्याचं कुणी सांगितलेलंच नसतं. आठ महिने जिची नोंद चोख होती, ती ऐन वेळी कुणाच्याच वहीत नसते.

गेली काही वर्षं आमच्या महिला मंडळातर्फे मी वस्त्यांवर जाते, तिथं हे वारंवार दिसतं. धुळे जिल्ह्यात दिलेली एक मुलगी आठव्या महिन्यात जळगाव तालुक्यात माहेरी आली. ओटी भरली, जेवणावळ झाली, फोटोही छान निघाले. तिचं माता-बाल संरक्षण कार्ड मात्र सासरी कपाटातच राहिलं. मध्यरात्री कळा सुरू झाल्या. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, रक्तगट कोणता? हिमोग्लोबिन किती होतं? कुणालाच माहीत नाही. रक्त कमी म्हणून तिला पुढं पाठवलं आणि तिचा भाऊ त्या अंधारात मोटारसायकलवर कार्ड आणायला निघाला. मायलेकरं सुखरूप आहेत, पण त्या रात्री दैवानं साथ दिली म्हणून. दैवावर किती दिवस चालायचं?

रक्ताची गोष्ट तर मुळीच हलक्यात घेऊ नका. त्याच पाहणीत राज्यातल्या सुमारे ४६ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे ओटीभरणाला शेजारी-शेजारी बसलेल्या दोन गर्भवतींपैकी जवळजवळ एक. आणि दर चार बाळंतपणांत एक सिझेरियन. 'आमच्या घरात सगळ्या साध्याच बाळंत झाल्या' हा काही आधार नव्हे.

बाईला माहेर लागतं, हे सरकारलाही कळलं होतं बरं का. नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात 'माहेरघर' काढलं गेलं. दिवस भरत आलेल्या बाईनं चार-पाच दिवस आधीच सोबतच्या माणसासह तिथं येऊन राहायचं, म्हणजे रात्रीची धावपळ नको. कल्पना उत्तम. पण घरी दोन लेकरं, म्हातारी सासू, दावणीला गुरं आणि बुडणारी मजुरी सोडून ती येणार कशी? तिचं घर तेवढे दिवस सांभाळायला कोणी तयार झालं, तरच माहेरघराचं दार तिच्यासाठी उघडतं. ही तयारी घरातल्यांची आणि गावाची आहे, एकट्या बाईची नाही.

राहिल्या आशाताई. बाळंतपण दवाखान्यात झालं तरी पुढच्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येऊन बाळ-बाळंतिणीला बघायचं काम त्यांचं. २०२४च्या सुरुवातीला याच बाया मुंबईच्या आझाद मैदानात बसल्या, तेव्हा कुठं मार्चमध्ये दरमहा ५ हजारांच्या वाढीचा निर्णय निघाला. त्यांच्यावर सारा डोलारा उभा करायचा आणि त्यांच्या दामासाठी त्यांना रस्त्यावर बसवायचं, हे बरं नव्हे. सरकारकडं माझी मागणी साधी आहे. बाई माहेरी किंवा कामाला निघाली की सासरच्या आशाताईनं तिथल्या आशाताईला फोन करून तिला रीतसर सोपवावी आणि त्या कामाची नोंद व्हावी, त्याचे पैसेही मिळावेत. कागद पुढं सरकण्याआधी बाई पुढं पोचते, एवढं तरी ध्यानात घ्यावं.

तोवर आपल्या हातात काय आहे? मैत्रिणींनो, सातव्या-आठव्या महिन्यातच घरातल्या सगळ्यांना, पुरुषांनासुद्धा, समोर बसवा आणि या गोष्टी मोठ्यानं बोलून ठरवा.

बाळंतपण कुठं, आणि तिथून पुढं पाठवलं तर कुठं? १०२ आणि १०८शिवाय गावातली कुणाची गाडी, त्याचा नंबर भिंतीवर लिहिला का? तिच्या रक्तगटाची दोन माणसं कोण? कार्ड, सोनोग्राफीचे कागद, आधार आणि बँकेचं पासबुक एका पिशवीत घालून ती पिशवी बाईसोबतच फिरते ना? थोडे पैसे तिच्याच हाताशी आहेत ना? घरची लेकरं कोण बघणार? बाळाला पहिल्या तासात आईचंच दूध, चीक फेकायचा नाही, हे आजीला आधीच सांगितलं का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, चेहरा-हात सुजले, झटका आला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कुणालाही न विचारता निघायचं. नवरा शेतात आहे, सासरे बाजाराला गेलेत, त्यांना येऊ द्या, हा पहिला उशीर. तो घरातच होतो आणि त्याला कोणतीही ॲम्ब्युलन्स भरून काढू शकत नाही. म्हणून 'निघायचं' हे सांगायचा अधिकार तिला आणि तिच्याजवळ असणाऱ्या बाईला आधीच देऊन ठेवा.

दुपटी जरूर शिवा, लाडूही वळा. आजीच्या लुगड्याची ऊब बाळाला हवीच. पण पुढच्या वेळी कुणाच्या ओटीभरणाला जाल तेव्हा नारळ-तांदूळ घालताना तिच्या कानात हळूच विचारा, "गाडी ठरली का गं?" दृष्ट लागणार नाही, हे मी खात्रीनं सांगते.