दर आठवड्याला कोण नेणार?

मुलांच्या मानसोपचारावर शहरातली मंडळी लिहितात तेव्हा सगळा भर 'आईबाबांनो, लाज सोडा' यावर असतो. बरोबरच आहे म्हणा. पण आमच्या कोहमाऱ्याकडून बघितलं की लाजेच्या आधी एस.टी. आठवते.

माहीत नसणाऱ्यांसाठी : कोहमारा म्हणजे गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनीजवळचा, नागपूर-रायपूर हायवेवरचा फाटा. गोंदिया चाळीसेक किलोमीटर, नागपूर सव्वाशेच्या आसपास.

ओळखीतल्या एका घरातला मुलगा, आठवीतला. शाळेची वेळ झाली की पोट दुखायचं, उलट्या व्हायच्या. रविवारी ठणठणीत. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं. "काही नाही." आता डॉक्टरांचं 'काही नाही' म्हणजे पोटात काही नाही. घरात त्याचा अर्थ निघाला, 'ढोंग करते पोट्टा'. मग मार, मग पुजारी. दुखणं मात्र खरंच होतं हो! भीतीनेही पोट दुखतं. (मोठ्यांचंही. कोर्टाच्या तारखेचा दिवस आठवा.)

शेवटी नागपूरला नेलं. तिथे सांगितलं, गोळ्या नकोत, बोलून बरं होईल. दहा-बारा आठवडे दर आठवड्याला या. इथेच सगळं अडलं. गोळ्या महिन्याच्या एकदम आणता येतात, बोलणं कसं आणणार? जायला-यायला अख्खा दिवस. रोवणीच्या दिवसांत आईची मजुरी बुडते, आणि पोराची शाळा बुडते, म्हणजे जिथे परत जायला शिकायचं तीच! दोनदा गेले, तिसऱ्यांदा नाही. या आईबापांना कोणी निष्काळजी म्हटलं तर मी भांडतो.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 18 वाचा. मुलांसाठी सेवा असावी, ती घराजवळ मिळावी, लांबचा प्रवास करावा लागू नये असं त्यात चक्क लिहिलंय, मुलांचा उल्लेख करून. गोंदियात 2016 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, पण दर आठवड्याला तेही जवळ नाही. ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानसचा 14416 हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. चांगली सोय. पण घरात फोन एकच आणि तो बापाच्या खिशात. बापाचीच भीती असेल तर पोरगं त्याच्यासमोर काय बोलणार?

माझं मागणं फार मोठं नाही. फाट्याच्या आसपास सरकारी दवाखान्यात एक खोली, आठवड्यातला एक ठरलेला दिवस, आणि समुपदेशक दर वेळी तोच. दर वेळी नवा चेहरा दिसला तर मूल तोंड उघडत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक 2013 पासून गाडी घेऊन शाळांमध्ये तपासणीला जातंच; ही 'काही नाही'वाली पोटदुखी हेरून त्यांनी या खोलीकडे पाठवावी. इमारत नंतर बांधा.

तुमच्या तालुक्यात अशी खोली चालू असेल तर कळवा. मी बघायला येतो.