विटाळ घरातून गेला काय?



धम्मदीक्षा घेऊन आपण जुन्या तसबिरी घराबाहेर काढल्या. परंतु त्यांच्याबरोबर 'विटाळ' हा शब्दही बाहेर गेला काय? ज्या शब्दाने आपल्या वाडवडिलांना पाणवठ्यावरून हाकलले, तोच शब्द पाळी आलेल्या आपल्याच मुलीला आपण ऐकवणार असू, तर दीक्षेचा अर्थ आपल्याला उमगलाच नाही.

पाळी म्हणजे विटाळ नव्हे. गर्भ राहिला नाही, की गर्भाशयाचे आतील अस्तर रक्तासह बाहेर पडते. त्यात अपवित्र असे काहीही नाही. बहुधा 12व्या-13व्या वर्षी, कधी त्याही आधी, पाळी सुरू होते. मुलगी रक्त पाहून भेदरण्यापूर्वीच आईने तिला हे सांगावयास हवे. मुलग्याचा आवाज फुटतो, झोपेत वीर्यपात होतो. हा रोग नव्हे, हे बापाने सांगावे; नाहीतर भोंदू वैदू आणि हातातला मोबाईल त्याचे गुरू होतील.

असे बोलणे अश्लील, असे कोणी म्हणेल. 'समाजस्वास्थ्य'कार रघुनाथ धोंडो कर्वे यांनी वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. 1934 साली त्यांच्या बचावासाठी न्यायालयात उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! खटला हरला, कर्व्यांना दंड झाला; पण बाबासाहेबांनी ज्ञानाची बाजू सोडली नाही. 2007 साली महाराष्ट्र शासनाने शाळांतील लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. शाळा गप्प बसली तर घरानेही गप्प बसावे काय?

आपली मुले पंचशील म्हणतात. तिसऱ्या शीलाचा अर्थ त्यांनी विचारला, तर आपण मान खाली घालणार काय? त्यांना सांगा, की संमतीवाचून कोणाच्याही अंगाला हात लावणे हा दुराचार आहे; प्रेम म्हणजे मालकी नव्हे; 'नको' या शब्दाचा मान राखलाच पाहिजे. 2012च्या पोक्सो कायद्यान्वये 18 वर्षांखालील मुलामुलींची संमती कायदा मानत नाही, हेही सांगा. कोणी वाईट हेतूने स्पर्श केला, तर तो मनुष्य घरचा असला तरी निर्भयपणे सांगता येईल, असा विश्वास त्यांना द्या.

आपले जूचंद्र गाव रांगोळीकारांचे. रंग बोटांतून कसा सोडावा, हे वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून शिकण्यात येथे कोणास लाज वाटत नाही. मग स्वतःच्या देहाविषयी शिकण्यातच लाज का असावी? येत्या रविवारी वंदना झाल्यावर मुलांना जवळ बसवा. प्रथम त्यांचे ऐका, आणि मग बोला.