विश्लेषण : तालमीतल्या पोरांनी एमएमएची पहिली लढत खेळावी का? आणि खेळायची तर कोणती?

मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजेच एमएमए, हा खेळ २०२६ च्या ऐची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धेच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच आला आहे. त्याआधी जून २०२४ मध्ये पूजा तोमर ही यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय ठरली. या लढतींच्या चित्रफिती साताऱ्या-सांगलीतल्या तालमींतही मोबाइलवर पाहिल्या जातात. कुस्ती अर्ध्यावर सुटलेला, कराटेचे दोन-तीन पट्टे मिळवलेला किंवा जिममध्ये नुकताच ठोसे शिकू लागलेला तरुण मग विचारतो : आपणही एकदा उतरून बघावे का?

उतरायला हरकत नाही, उलट उतरावेच. मात्र पहिली लढत कोणाशी, कोणत्या नियमांनी आणि कोणाच्या देखरेखीखाली होणार, हे आधी पाहायला हवे. गावच्या जत्रेतल्या कुस्तीला हे शहाणपण पूर्वीपासून आहे. एमएमएच्या स्थानिक स्पर्धांनी ते उचलायला हवे.

हौशी एमएमए व्यावसायिक लढतीपेक्षा वेगळे कसे?

यूएफसीत दिसते ती व्यावसायिक लढत. तिथे पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या असतात, हातमोजे पातळ असतात आणि कोपराचा मारही चालतो. हौशी लढतीचे नियम मुद्दाम सौम्य ठेवलेले आहेत. आंतरराष्ट्रीय एमएमए महासंघाच्या हौशी नियमांनुसार लढत तीन फेऱ्यांची आणि प्रत्येक फेरी तीन मिनिटांची असते. हातमोजे जाड असतात आणि नडगीला संरक्षक पट्टा बांधावा लागतो. कोपराने मारणे, डोक्यावर गुडघा मारणे आणि टाच पिळून गुडघ्याचा सांधा उखडणारा डाव, या तिन्हींना मनाई आहे. अठरा वर्षांखालील गटांत तर डोक्यावर प्रहारच करता येत नाही.

त्यामुळे स्पर्धेच्या पोस्टरवर ‘हौशी’ लिहिले असले, तरी नियम व्यावसायिक लढतीचेच असतील तर ती स्पर्धा नवोदितांची नव्हे. नियमांची लेखी प्रत मागावी. ती मिळत नसेल, तर निर्णय तिथेच झाला.

सातारा-सांगलीचाच विचार का?

कारण या पट्ट्यात अंगमेहनतीची आणि झुंजीची तयारी आधीपासून आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले. सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी झाले. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. म्हणजे मुलींसाठीही आखाड्याचे दार इथे उघडलेले आहे.

खाशाबांच्या कारकिर्दीतला एक टप्पा नवोदितांनी लक्षात ठेवावा. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले होते. मातीत घडलेल्या या मल्लाला गादीची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नव्हती. तिथे काय कमी पडले ते त्यांनी शिकून घेतले आणि चार वर्षांनी पदक आणले. पृष्ठभाग आणि नियम बदलले की कसलेला मल्लही काही काळ नवशिका होतो, आणि पहिल्या स्पर्धेतून काय शिकलो याला निकालाइतकेच मोल असते.

कुस्तीगीर एमएमएत कुठे फसतो?

कुस्तीगीराची मोठी ताकद म्हणजे समोरच्याला खाली घेणे. एकेरी पट, दुहेरी पट, ढाक हे सगळे इथे चालते. गफलत होते ती पुढच्या दोन सवयींमुळे.

पहिली सवय मान पुढे घालण्याची. पट काढताना डोके खाली गेले, की समोरचा वरून मान बगलेत धरून आवळू शकतो. यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय भरत खंडारे हाही कुस्तीतूनच आलेला. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायला झालेल्या त्याच्या लढतीत चीनच्या सोंग यादोंगने पहिल्याच फेरीत अशीच मान आवळून त्याला हरवले.

दुसरी सवय पालथे पडण्याची. पाठ टेकली की कुस्ती गेली, म्हणून मल्ल धोका दिसताच पोटावर वळतो. एमएमएत पाठ टेकल्याने कोणी हरत नाही. उलट पाठ समोरच्याच्या ताब्यात दिली, तर मागून गळा आवळला जातो. वर्षानुवर्षे अंगात मुरलेली ही हालचाल मोडायला सराव लागतो, आणि तो स्पर्धेच्या दिवशी होत नाही.

याला जोडून तिसरी गोष्ट म्हणजे हाताने थापटून हार कबूल करणे. कुस्तीत ती पद्धत नाही, त्यामुळे अनेकांना त्यात कमीपणा वाटतो. पण सांधा पिळला जात असताना वेळेवर न थापटणारा पुढचे सहा महिने खेळाबाहेर बसू शकतो. सरावात नि:संकोच थापटणाऱ्या पोरालाच स्पर्धेत पाठवावे.

‘नवोदित’ म्हणजे नेमके कोण?

स्थानिक स्पर्धांचा खरा प्रश्न हा आहे. दहा वर्षे तालमीत घालवलेला मल्ल आणि आठ महिने जिममध्ये किकबॉक्सिंग शिकलेला विद्यार्थी, दोघेही एमएमएची पहिलीच लढत खेळत असतील तर कागदावर दोघे ‘नवोदित’. वजनही सारखे. प्रत्यक्षात ती जोड होत नाही.

जत्रेतल्या मैदानात ही चूक सहसा होत नाही. हलगी वाजत असते, पोरे कपडे काढून उभी राहतात, आणि पंच किंवा जुना वस्ताद वय, खांदे, उंची, कोणत्या तालमीचा, किती वर्षांचा सराव, हे सगळे बघून जोड लावतो. लहान पोरांच्या कुस्त्या आधी आणि मोठ्या इनामाच्या शेवटी. जोड बरोबर नाही असे वाटले तर तो सरळ नाही म्हणतो. हरलेले पोर आठ दिवसांनी दुसऱ्या गावच्या जत्रेत पुन्हा उभे राहते. पोर पुन्हा येते याचे कारण त्याला बरोबरीचा गडी मिळालेला असतो.

एमएमएत चुकीच्या जोडीची किंमत जास्त आहे, कारण इथे डोक्यावर मार बसतो. म्हणून प्रवेश अर्जात फक्त ‘एमएमएच्या लढती किती?’ एवढेच विचारून भागत नाही. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, वुशू, कराटे, किकबॉक्सिंग यांत किती वर्षे आणि कोणत्या पातळीपर्यंत खेळलात, हेही विचारायला हवे. अनुभव लपवून ‘नवोदित’ गटात सोपे पदक घेणाऱ्याला बाद करण्याचा नियमही हवा. आणि जोड पटली नाही तर लढत रद्द करण्याचा अधिकार खेळाडूच्या प्रशिक्षकाला असावा.

धोका किती खरा आहे?

खरा आहे. जुलै २०२२ मध्ये बेंगळुरूत राज्य पातळीवरच्या किकबॉक्सिंग स्पर्धेत ठोसा लागून कोसळलेल्या म्हैसूरच्या २३ वर्षांच्या तरुणाचा दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला. स्पर्धेच्या ठिकाणी पुरेशी वैद्यकीय व्यवस्था नव्हती, असा आरोप कुटुंबाने केला आणि पोलिसांनी आयोजकांवर गुन्हा नोंदवला. एप्रिल २०१६ मध्ये डब्लिनमधल्या लढतीनंतर पोर्तुगालच्या एका खेळाडूचा मृत्यू झाला आणि आयर्लंडमध्ये या खेळाच्या नियमनाचा प्रश्न ऐरणीवर आला.

मेंदूत रक्तस्राव झाला तर प्रत्येक मिनिट मोलाचे असते. मिरजेत किंवा कराडमध्ये स्पर्धा असेल तर मोठे रुग्णालय जवळ आहे. जत, आटपाडी किंवा माणमधल्या एखाद्या गावात असेल तर रस्त्यावरच तासाहून अधिक वेळ जाऊ शकतो. अशा ठिकाणी रिंगणाच्या कडेला डॉक्टर आणि दारात चालकासह उभी रुग्णवाहिका नसेल, तर लढत सुरू होता कामा नये. रुग्णवाहिका एका जखमीला घेऊन गेली, तर दुसरी येईपर्यंत पुढची लढत थांबली पाहिजे.

लढतीनंतर डोकेदुखी वाढत जाणे, उलट्या, गुंगी, बोलणे अडखळणे, यापैकी काहीही दिसले तर ‘झोपला की बरा होईल’ म्हणून घरी न ठेवता थेट रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपलेल्या खेळाडूला अनेक देशांतील नियामक मंडळे किमान महिनाभर लढू देत नाहीत. स्थानिक पातळीवर असे मंडळ नसेल, तर ही शिस्त प्रशिक्षकाने आणि घरच्यांनी पाळायची.

वजन उतरवून खालच्या गटात खेळावे का?

पहिल्या लढतीत मुळीच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगट १०० ग्रॅमने अपात्र ठरली, तेव्हा वजन उतरवण्याच्या यातना घराघरांत कळल्या. तिच्याभोवती डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ होते. डिसेंबर २०१५ मध्ये मनिलात लढतीआधी वजन उतरवताना चीनच्या २१ वर्षांच्या एमएमए खेळाडूचा मृत्यू झाला होता. पाणी तोडून, स्वेटर घालून पळणाऱ्या नवोदिताचे शरीर सुकते. त्याच अवस्थेत डोक्यावर मार खाणे अधिक धोक्याचे. रोजच्या वजनाच्या जवळचा गट निवडावा आणि खुराक चालू ठेवावा.

हमीपत्रावर सही केली की आयोजक मोकळे?

‘मी स्वतःच्या जबाबदारीवर खेळत आहे’ अशा कागदावर सही घेतली जाते. या सहीने आयोजकाचा निष्काळजीपणा माफ होत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २५ खेळातल्या संमतीला मान्यता देते. मात्र संमती देणारा अठरा वर्षांहून मोठा असावा, आणि त्या कृतीमागे मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचा हेतू किंवा तशा शक्यतेची जाणीव नसावी, अशी अट आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास कलम १०६ लागू होऊ शकते. विम्याचेही तसेच. अनेक अपघात विमा योजनांत धोकादायक खेळ वगळलेले असतात. स्पर्धेचा स्वतंत्र विमा आहे का, हे विचारणे खेळाडूचा हक्क आहे.

प्रमाणपत्राचा नोकरीत उपयोग होईल?

अनेक घरांत खेळाला परवानगी मिळते ती सरकारी नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणाकडे बघून. इथे सावध राहावे. आरक्षणासाठी खेळ, संघटना आणि स्पर्धेची पातळी या तिन्ही गोष्टी शासनाच्या निकषांत बसाव्या लागतात आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. एमएमएच्या नावाने देशात एकाहून अधिक संघटना स्पर्धा घेतात. ‘राष्ट्रीय’ हा शब्द प्रमाणपत्रावर छापलेला असणे पुरेसे नाही. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचा घोटाळा राज्याने पाहिला आहे. प्रवेश शुल्क भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करावी. नोकरी हेच मुख्य उद्दिष्ट असेल, तर कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग किंवा वुशू हे शालेय स्पर्धांपासून रुळलेले मार्ग आधी धरावेत. त्यांतले कसब पुढे एमएमएतही कामी येते.

मग प्रोत्साहन द्यायचे कसे?

पायऱ्या बांधून. पहिली पायरी फक्त पकडीच्या स्पर्धेची, जिथे ठोसे-लाथा नाहीत आणि मल्लाला मान वाचवायला व थापटायला शिकता येते. दुसरी हलक्या माराच्या लढतींची. तिसरी पूर्ण हौशी नियमांची. प्रत्येक पायरीवर दोन-तीन लढती झाल्या की पोराला स्वतःलाच कळते, हा खेळ आपला आहे की नाही. नाही वाटले तर मागे फिरण्यात काही कमीपणा नसावा.

सातारा-सांगलीत हे करायला नवी इमारत लागत नाही. तालमीची जागा आहे, गाद्या आल्या आहेत. तालमींनी बॉक्सिंग आणि ज्युदोच्या प्रशिक्षकांना आठवड्यातून दोन दिवस बोलावले आणि दोन-चार तालमींनी मिळून तिकीट, डीजे आणि पाहुण्यांच्या सत्काराविना एक सराव-स्पर्धा भरवली, तरी नवोदितांना योग्य सुरुवात मिळेल. वस्तादांनी या खेळाकडे पाठ फिरवली, तर पोरे थांबणार नाहीत. ती मोबाइलवर दिसणाऱ्या पहिल्या पोस्टरवर नाव नोंदवतील आणि त्यांची जोड त्यांना न ओळखणारा कोणीतरी लावेल.

पालकांनी आणि खेळाडूंनी नाव नोंदवण्याआधी पाच गोष्टी विचाराव्यात : लेखी नियम आहेत का, प्रतिस्पर्ध्याचा अनुभव किती, रक्ततपासणी आणि वैद्यकीय तपासणी होणार का, डॉक्टर व रुग्णवाहिका शेवटच्या लढतीपर्यंत थांबणार का, आणि विमा कोणाचा. पाचही उत्तरे समाधानकारक असतील तर पोराला खुशाल उतरू द्यावे. जिंकला तर उत्तम, आणि हरला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तालमीत येऊन कुठे चुकलो ते वस्तादांना विचारता येईल.