पोटखराब

बडोद्याला नणंदेकडे गेलं की सयाजीबागेत एक फेरी ठरलेली. या खेपेला सहावीतला भाचा सोबत होता. संग्रहालय पाहून बाकावर बसलो, तर त्याचा प्रश्न, "मामी, इथल्या राजाकडे खरंच चित्ते होते?"

होते की. नोव्हेंबर १८७५ मध्ये इंग्लंडचे युवराज बडोद्याला आले, तेव्हा त्यांच्या करमणुकीसाठी चित्ते सोडून काळविटांची शिकार झाली होती. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता बैलगाडीतून न्यायचा, कळप जवळ आला की टोपी काढायची. आपल्या कोल्हापूर दरबारालाही हाच शौक. पिंजऱ्यात चित्त्याची वीण जवळजवळ होतच नसे, म्हणजे पाळलेला प्रत्येक चित्ता रानातून धरून आणलेला. पुढे इथले मिळेनासे झाले, तेव्हा संस्थानिकांनी आफ्रिकेतून आणवले. १९४७ च्या सुमारास कोरियाच्या महाराजांनी एका रात्रीत तीन मारले, ते शेवटचे समजले जातात. १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

"पण आता परत आणलेत ना?" भाचा म्हणाला. आणलेत. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोला आले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा. पण प्राणी विमानानं आणता येतो, माळ कसा आणणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून आम्ही वेळावदरला गेलो. भावनगरच्या महाराजांचं हे शिकारीचं कुरण १९७६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. क्षेत्र जेमतेम ३४ चौरस किलोमीटर. नजर जाईल तिथवर गवत आणि त्यात काळविटांचे कळप. लांडगे इथेच पिल्लं वाढवतात, पावसाळ्यात तणमोर गवतातून उड्या मारतो, हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या ससाणे संध्याकाळी शेकड्यांनी गवतात उतरतात. जुनी शिकारीची जागा राखली म्हणून हे टिकलं.

सगळीकडे तसं झालं नाही. माळढोकाचंच बघा. आईच्या माहेरी त्याला एरेभूत म्हणत. एरे म्हणजे काळी जमीन. पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो. त्याला समोरचं नीट दिसत नाही, आणि जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही, म्हणून विजेच्या तारांवर आदळून मरतो. सोलापूर-नगरकडे १९७९ मध्ये त्याच्यासाठी तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. लोकांना खरेदी-विक्रीची अडचण, म्हणून पक्ष्यावरच राग. शेवटी क्षेत्र पुष्कळ कमी करावं लागलं. उलट गुजरातेत कच्छच्या नलियाला १९९२ मध्ये झालेलं अभयारण्य जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं. एक कागदावर मोठं, एक जमिनीवर लहान. नान्नजला पूर्वी सहज दिसणारा माळढोक आता क्वचितच दिसतो. देशभरात दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक जैसलमेरकडे.

वेळावदरहून परतताना मामांचा फोन आला. इंडी तालुक्यात त्यांचा आठ एकर माळ आहे, आईचाही त्यात वाटा. जेसीबी लावून तो सपाट करायचा, ऊस घ्यायचा, माझी संमती हवी. मी म्हटलं, मामा, थोडं थांबा. ते हसले, "मगळ, अदु खराब भूमी, अदराग एन ऐति?" त्या खराब जमिनीत आहेच काय?

चूक मामांची नाही. आपल्या सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराब म्हणतात, तिकडच्या उताऱ्यावरही खराब. दोन राज्यांची भाषा निराळी, पण माळाला दिलेली शिवी एकच. लहानपणी त्याच माळावर मी आजोबांचा हात धरून धाविक पक्षी पाहिलेत, रात्री कोल्ह्यांची कुई ऐकली आहे. दर उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन येणाऱ्या कुरबांना आजोबा ताक पाठवायचे, आणि मेंढ्या बसल्या की शेजारच्या शेताला खत मिळायचं. पण मामांच्या मुलीचं लग्न ठरतंय, डोक्यावर बँकेचं कर्ज आहे. माळाचं कौतुक करून हप्ता फिटत नाही, हेही मला कळतं.

रात्री पुन्हा फोन केला. विहिरीजवळचे पाच एकर करा, म्हटलं, तिथं माझी सही घ्या. ओढ्याकडचे तीन एकर आईच्या वाट्याचे, त्यांना जेसीबी लावू नका. मेंढ्या येऊ द्या. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "निन्न अज्ज हिंग अंतिद्द." तुझा आजोबा असंच म्हणायचा.

भाचा शेजारीच बसला होता. म्हणाला, "मामी, तीन एकरात चित्ता राहील?"

नाही रे बाबा. पण धाविक राहील. मे महिन्यात ये, दाखवते.